सोलापुरात पुस्तकांचे छोटे दुकान : एका जुन्या विक्रेत्याचे उत्तर

प्रश्न असा आहे. सोलापुरातील महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली एक विद्यार्थिनी विचारते की, जुन्या-नव्या पुस्तकांचे अगदी छोटे, जरा वेगळ्या धाटणीचे दुकान या गावात काढावे असे मनात आहे. परदेशातील अशा दुकानांची छायाचित्रे पाहिली की ओढ वाटते, पण ती ओढ नेमकी कशाची, ती सोलापुरात आणता येईल का, आणि घरबसल्या मोबाईलवर पुस्तक मागवता येत असताना असे दुकान तगेल का? मी नवी पेठेलगतच्या एका गल्लीत बरीच वर्षे पुस्तके विकत आलो आहे, त्यांत नवी थोडी आणि जुनी अधिक. त्या अनुभवातून जे खात्रीने सांगता येते तेवढे येथे सांगतो.

आधी ओढीविषयी. आपण पाहिलेली दुकाने विचित्र दिसतात खरी, पण त्यांतील नावाजलेली बहुतेक दुकाने कोणी मुद्दाम विचित्र केलेली नाहीत. व्हेनिसच्या ‘लिब्रेरिया अक्वा आल्ता’मध्ये पुस्तके न्हाणीच्या टबांत, जुन्या होड्यांत आणि एका अख्ख्या गोंडोल्यात रचलेली असतात, कारण त्या शहरात भरतीचे पाणी रस्त्यावरून दुकानात शिरते आणि जमिनीलगतच्या फळीवरचे पुस्तक भिजले तरी टबातले कोरडे राहते. तोक्योच्या गिंझा भागात २०१५ साली उघडलेले ‘मोरिओका शोतेन’ हे दुकान एका खोलीचे आहे आणि तेथे एका आठवड्यात एकच पुस्तक विकायला असते. त्या पुस्तकाशी संबंधित चित्रे किंवा वस्तू भोवती मांडलेल्या असतात. पॅरिसच्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’चे जॉर्ज व्हिटमन फिरस्त्या लेखकांना पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये झोपू देत आणि मोबदल्यात दुकानातील थोडे काम, रोज एका पुस्तकाचे वाचन आणि एका पानाचे आत्मचरित्र एवढेच मागत. या तिन्ही ठिकाणचा विक्षिप्तपणा जागेच्या अडचणीतून किंवा मालकाच्या स्वभावातून आलेला आहे. तो उचलून सोलापुरात आणला तर ती निव्वळ सजावट होईल. (आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे पुस्तके ठेवायला टब मोकळा मिळणेही कठीण.) पिवळे दिवे, जुना टाइपरायटर आणि भिंतीवरची सुभाषिते पाहायला लोक एकदा येतात, छायाचित्र काढतात आणि निघून जातात, दुकान चालते ते परत परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर.

गिऱ्हाईक परत येते ते निवडीसाठी, असे माझे मत आहे. दहा बाय बाराच्या गाळ्यात सर्व काही ठेवता येत नाही, आणि हीच छोट्या दुकानाची खरी ताकद आहे. फळीवर असलेले प्रत्येक पुस्तक कोणीतरी विचार करून ठेवले आहे आणि त्याच्यासाठी दुसरे नाकारले आहे, हे चार-पाच भेटींत वाचकाच्या ध्यानात येते. मग तो पुस्तकांबरोबर दुकानदाराची पारखही वाचू लागतो. मुंबईच्या ‘स्ट्रँड बुक स्टॉल’चे उदाहरण या बाबतीत मला नेहमी आठवते. टी. एन. शानभाग यांनी ते १९४८ साली स्ट्रँड चित्रपटगृहाच्या आवारात सुरू केले, पुढे फोर्ट भागात नेले, आणि २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लोक तेथे सवलतीसाठी जात हे खरेच, पण शानभागांनी बाजूला काढून ठेवलेले पुस्तक पाहण्यासाठीही जात. ते दुकान २०१८ साली बंद झाले. तेव्हा एवढा लौकिक असूनही दुकान बंद पडू शकते, हेही त्याच उदाहरणातून आपण ध्यानात घ्यावे.

मोबाईलचा मुद्दा येथेच येतो. ज्या पुस्तकाचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक आहे ते त्याला मोबाईलवर बहुधा स्वस्त मिळेल आणि त्या स्पर्धेत आपण उतरूच नये. आपला माल म्हणजे एका पुस्तकाचा दुसऱ्याशी असलेला शेजार. माझ्याकडे एका फळीवर हातमाग आणि रंगकामाविषयीची पुस्तके आहेत, त्यांच्या बाजूला गिरणी कामगारांच्या चळवळीची, त्यांना लागून कामगार कायद्याची जुनी पुस्तके आणि शेवटी कामगार वस्तीत घडणाऱ्या दोन-चार कादंबऱ्या. ग्रंथपाल ही मांडणी मान्य करणार नाहीत. पण वडिलांच्या मागाविषयी काही मिळते का हे पाहायला आलेला यंत्रमागवाल्याचा मुलगा त्या फळीवरून कादंबरी घेऊन गेलेला मी पाहिला आहे, आणि ती कादंबरी त्याने नाव टाकून कधीही शोधली नसती. याच्या जोडीला दुकानदाराची स्मरणशक्ती लागते. कोणी काय नेले, काय अर्धवट सोडले, कोणाला चरित्रे आवडतात पण आत्मचरित्रांचा कंटाळा येतो, हे लक्षात ठेवावे लागते. आणि कधी कधी ‘हे तुम्ही घेऊ नका, तुम्हाला आवडणार नाही’ असे म्हणावे लागते. त्या दिवशी विक्री बुडते, पण पुढच्या वेळी आपण पुढे केलेले पुस्तक ते गृहस्थ मलपृष्ठसुद्धा न वाचता घेतात.

आता सोलापूर. या गावाचे वेगळेपण आपल्याला कोठून आणावे लागणार नाही. १८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली. त्या काळापासून कापडधंद्याच्या निमित्ताने येथे चार भाषांचे लोक एकत्र नांदत आले आहेत. पूर्व भागातील पद्मशाली (विणकर समाजाच्या) घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या बाजूने कन्नड येते, उर्दू वाचणारे वाचक गावात आहेत आणि मराठी सर्वांना समान आहे. पुस्तकाच्या धंद्यात याचा अर्थ असा होतो की, घरात आजी तेलुगू बोलते, नातू मराठी शाळेत शिकतो, आणि आजीला वाटते की त्याने निदान तेलुगू अक्षरे ओळखावीत. असे अक्षरओळखीचे पुस्तक गावात सहज सापडत नाही. हैदराबादहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकरवी मी ते मागवतो. त्यावरचा नफा सांगण्यासारखा नसतो, पण त्या आजी पुढच्या खेपेस नातवासाठी मराठी गोष्टींची पुस्तके आमच्याकडूनच नेतात. कन्नडचेही तसेच आहे. ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातील शरण (संत) सिद्धराम. त्यांची वचने मूळ कन्नडमध्ये आहेत, आणि ती वाचू इच्छिणारे पण कन्नड लिपी न येणारे कितीतरी भाविक येथे आहेत. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत वचनांचे मराठी अनुवाद हमखास विचारले जातात. दुकानात चारही भाषांची एकेक फळी असली, मग ती हातभरच का असेना, तर आपल्या दुकानासारखे दुकान पुण्यातही सापडणार नाही.

स्थानिक इतिहासाची फळी तर अवश्य ठेवावी. मे १९३० मध्ये येथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली, हे गावातल्या शाळकरी मुलालाही चार पुतळ्यांमुळे माहीत असते; पण त्याविषयी सविस्तर वाचायला काही द्या म्हटले की हाताशी येतात त्या जुन्या स्मरणिका आणि पातळ पुस्तिका, ज्यांची दुसरी आवृत्ती बहुधा निघालेलीच नसते. शाहीर राम जोशी याच गावचे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म येथलाच. त्यांच्याविषयीची पुस्तके बाहेरगावचे पाहुणे आवर्जून मागतात. आणखी एक गोष्ट गावातल्याच वाचकांना ठाऊक नसते. येथील जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत प्राकृत आणि संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या, आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांच्यासारखे विद्वान तिचे संपादक होते, आणि त्यामुळे दूरदेशीच्या अभ्यासकांना सोलापूरचे नाव चादरीआधी ग्रंथाच्या मुखपृष्ठावर भेटते. या मालेतील जुनी प्रत रद्दीत दिसली तर ती सोडू नये.

जुन्या पुस्तकांकडे वळतो, कारण माझा जीव त्यांत अधिक आहे आणि आपले दुकानही मुख्यतः त्यांच्यावरच चालेल असा माझा अंदाज आहे. पुस्तक हातात आल्यावर त्याचा काळ ठरवता आला पाहिजे, कारण निम्म्या जुन्या मराठी पुस्तकांची पहिली पाने फाटलेली असतात. पान शाबूत असेल आणि त्यावर शके दिलेले असेल तर त्यात ७८ मिळवावेत. शके १८५० म्हणजे इसवी सन १९२८, आणि पौषानंतरचे महिने असतील तर १९२९. वर्ष नसेल तर किंमत पाहावी. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, त्यामुळे किंमत आण्यांत असलेले पुस्तक साधारणपणे त्याआधीचे समजावे. त्यानंतर पत्ता पाहावा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई ४’ असा नुसता विभाग क्रमांक असेल तर पुस्तक बहुधा त्याआधीचे, मात्र काही मुद्रक सवयीने पुढेही तसेच छापत राहिले, म्हणून एवढ्यावर विसंबू नये. हे काहीच नसेल तर मजकूर उघडावा. ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार ठिकठिकाणी दिसले की ते पुस्तक १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या वळणाचे आहे असे समजावे. शेवटी बोट. खिळे (छपाईचे टाइप) जुळवून छापलेल्या पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवले तर अक्षरांचा उठाव जाणवतो, ऑफसेटच्या पानावर तो नसतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे करायला लावतो, आणि पुस्तकाची गोडी लागायला त्या पानावरचा एखादा परिच्छेद जेवढा उपयोगी पडतो, तेवढाच हा उठावही पडतो असे मला दिसले आहे.

जुन्या पुस्तकाची किंमत ठरवणे हे त्याहून अवघड काम आहे. जुने म्हणजे मौल्यवान, हा समज गिऱ्हाइकापेक्षा विकायला आलेल्या घरच्यांत अधिक असतो. लाखांनी खपलेल्या कादंबरीची साठ वर्षांपूर्वीची पाचवी आवृत्ती फार तर शंभर रुपयांची असते, आणि एखाद्या तालुक्याच्या गावी छापलेली, कोणाच्याही खिजगणतीत नसलेली चाळीस पानांची पुस्तिका अभ्यासकाला हजारात घ्यावीशी वाटते, कारण दुसरी प्रत कोठे आहे हेच कोणाला माहीत नसते. मालकाची सही, भेट देताना लिहिलेल्या ओळी, समासातील टिपणे यांनी काही ठिकाणी किंमत वाढते आणि काही ठिकाणी उतरते. मला स्वतःला समासात भांडणारा वाचक फार आवडतो, आणि अशी पुस्तके मी थोडी वेगळी ठेवतो. घासाघीस मात्र होणारच. ‘मामा, पुस्तक चांगलं हाय, पण दर लई वाटायलाय वो’ हे वाक्य ऐकण्याची सवय करून घ्यावी आणि त्यासाठी किमतीत थोडी जागा ठेवावी.

माल येतो कोठून, तर रद्दीच्या दुकानांतून, दसरा-दिवाळीच्या साफसफाईतून, बदली झालेल्या नोकरदारांकडून आणि सर्वांत चांगला माल निवृत्त शिक्षक, वकील किंवा डॉक्टर यांच्या मागे राहिलेल्या कपाटांतून. शेवटच्या प्रकारात घरच्यांशी सावकाशीने बोलावे. पुस्तके वजनावर मागू नयेत, चांगली पुस्तके आधी निवडून त्यांची किंमत वेगळी सांगावी, आणि घरात कोणाला एखादे पुस्तक ठेवून घ्यायचे असेल तर ते आपणच सुचवावे. गावात अशी वागणूक लवकर कळते आणि पुढची कपाटे आपोआप येतात. वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक आले तर त्यावर ते नोंदीतून बाद केल्याचा शिक्का किंवा शेरा आहे का हे पाहावे. तो नसेल तर पुस्तक विकत न घेता त्या वाचनालयाला कळवावे.

सोलापूरच्या हवेत पुस्तक कसे राखावे, हेही पहिल्याच वर्षी शिकावे लागेल. आपल्याकडे दमटपणा कमी, त्यामुळे कोकणासारखी बुरशी धरत नाही; पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या नव्या पुस्तकांची बांधणी आधी मऊ होते, मग कडक होऊन तडकते आणि पाने सुटी होतात. शिवलेल्या बांधणीचे जुने पुस्तक त्याच फळीवर शाबूत असते. म्हणून घेतानाच शिलाई पाहावी. पश्चिमेच्या भिंतीला फळ्या लावू नयेत, ऊन कण्यावर पडू देऊ नये, कारण कण्यावरचा लाल रंग सर्वांत आधी उडतो. कसर लागू नये म्हणून वेखंडाची किंवा कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांची पुरचुंडी ठेवणारे पुष्कळ आहेत आणि मीही ठेवतो, पण खरा उपाय म्हणजे पुस्तके दर दोन-तीन महिन्यांनी खाली काढून झटकणे. जे पुस्तक हलते त्याला कसर लागत नाही. वाळवीची गोष्ट निराळी. जुन्या वाड्यातला गाळा घेत असाल तर लाकडी मांडणीऐवजी लोखंडी मांडणी घ्यावी आणि ती भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावी.

पैशांचा हिशेब थोडक्यात सांगतो, कारण तो थोडकाच असतो. नव्या पुस्तकांवर प्रकाशक किंवा वितरक साधारणपणे २५ ते ४० टक्के कमिशन देतात. नव्या दुकानाला त्यातला वरचा आकडा मिळत नाही. समजा ३०० रुपयांच्या पुस्तकावर ३० टक्के मिळाले, म्हणजे ९० रुपये. त्यातले ३० गिऱ्हाइकाला सवलत म्हणून गेले, १० वाहतूक आणि पिशवीत गेले, उरले ५०. भाडे आणि वीज मिळून महिना दहा हजार धरले तर केवळ तेवढे निघण्यासाठी महिन्याला २०० पुस्तके, म्हणजे दुकान उघडे असलेल्या प्रत्येक दिवशी जवळजवळ आठ नवी पुस्तके विकावी लागतील. सोलापुरात पहिल्या वर्षी हे होणार नाही. जुन्या पुस्तकात ३० रुपयांना घेतलेली प्रत १०० ला गेली तरी ७० सुटतात आणि भांडवल कमी अडकते. मात्र ती कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे नवी पुस्तके शक्यतो परत घेण्याच्या बोलीवर आणावीत आणि रोख पैसा जुन्यांत घालावा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीऐवजी केवळ कळवणे पुरते. कागदपत्रांचा त्रास एवढाच. सार्वजनिक वाचनालयांची खरेदी मार्चच्या सुमारास होते आणि ती मोठी असते, परंतु देयक महिनोन् महिने अडकू शकते, तेव्हा सुरुवातीला तिच्यावर भाडे अवलंबून ठेवू नये. स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि गाईडे ठेवावीत का, असे आपण विचारलेले नाही, पण आठवड्याभरात कोणीतरी तसा सल्ला देईलच. ती खपतात, पण जागा खातात, दर वर्षी शिळी होतात आणि दुकानाचा तोंडवळा बदलून टाकतात. भाड्यासाठी एक फळी ठेवली तर हरकत नाही, दोन ठेवू नयेत.

सुरुवात कधी करावी हेही सांगतो, कारण त्यात बरेच लोक जूनच्या मोहात पडतात. जून हा पाठ्यपुस्तकांचा आणि वह्यांचा महिना आहे. त्या गर्दीत आपल्या दुकानाकडे कोणी पाहणार नाही. उन्हाळ्यात तर दुपारी रस्तेच ओस असतात आणि गिऱ्हाईक संध्याकाळी सहानंतर बाहेर पडते. मी असतो तर दसऱ्याला उघडले असते. लगेच दिवाळी अंक येतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून ही सवय मराठी घरांत टिकून आहे, आणि अंक घ्यायला येणारा वाचक आपली आवड सांगून जातो, ती वहीत लिहून ठेवावी. त्याच दिवसांत घराघरांतून जुनी पुस्तके बाहेर पडतात. पाठोपाठ जानेवारीत गड्डा येतो, तेव्हा बाहेरगावची माणसे गावात असतात. तोवर तीन महिने झालेले असतील आणि कोणती फळी हलते, कोणती हलत नाही हे दिसू लागेल. गाळ्याचा करार मात्र सुरुवातीला अकरा महिन्यांचाच करावा आणि अनामत रक्कम पुस्तकांच्या पैशांतून देऊ नये.